‘चेक’वर कोटी कशी करावी : एका इंग्रजी शब्दाचा अभ्यास, नवशिक्यांसाठी

इंग्रजी शब्दांवर शाब्दिक कोटी करण्याची हौस आपल्याकडे पुष्कळांना असते. परंतु ज्या शब्दावर कोटी करायची त्याचे अर्थ किती, त्यांपैकी सख्खे कोणते आणि नुसते शेजारी कोणते, याची चौकशी फार थोडे जण करतात. त्यामुळे बहुतेक कोट्या शब्दाच्या पहिल्याच अर्थापाशी अडून बसतात. असा अभ्यास कोणत्या क्रमाने करावा हे या लेखात ‘चेक’ या एकाच शब्दाच्या आधारे मांडले आहे. हा शब्द निवडण्याची कारणे दोन आहेत. एक म्हणजे नागपुरात तो बँकेत, कापडाच्या दुकानात, रेल्वेत आणि घरात रोज कानावर पडतो. दुसरे म्हणजे तो मुळात बुद्धिबळाच्या पटावर जन्मला, आणि हा पट सध्या या शहराच्या विशेष जिव्हाळ्याचा आहे. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी अंतिम सामन्यात कोनेरू हम्पी यांना हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयाने त्या ग्रँडमास्टरही झाल्या. त्याआधी २०१९ मध्ये याच शहरातील रौनक साधवानी तेराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाले होते.

पहिली पायरी : कोश मिटून ठेवावा आणि कान उघडे ठेवावेत

नवशिक्याने आधी कोश उघडू नये. कोशात पंधरा-वीस अर्थ एकदम समोर येतात, सगळे सारख्याच महत्त्वाचे वाटतात आणि एकही लक्षात राहत नाही. त्याऐवजी शब्द जिथे जिथे ऐकू येतो तिथले पूर्ण वाक्य वहीत उतरवून घ्यावे. संविधान चौकात रिझर्व्ह बँकेची इमारत आहे. त्या परिसरातील कोणत्याही बँकेत दहा मिनिटे थांबल्यास ‘चेक अजून वटला नाही’ हे वाक्य मिळते. गांधीबागेच्या कापड बाजारात ‘चेक्समध्ये दाखवा’ असे गिऱ्हाईक म्हणते, आणि जुना दुकानदार असेल तर तो ‘चौकडीचे का?’ असे विचारून घेतो. रेल्वेत ‘चेकिंग आले’ असे डब्यात कुजबुजले जाते, विमानतळावर ‘चेक-इन’ होते, शहराच्या वेशीवर ‘चेकनाका’ असतो. घरी गॅस बंद केला की नाही याबद्दल शंका आली तर ‘चेक कर ना बे’ हे खास वऱ्हाडी-नागपुरी वळणाचे फर्मान सुटते. बुद्धिबळाच्या शिबिरात मुले ‘शह’ म्हणत नाहीत, ‘चेक’ म्हणतात, तेही टिपावे.

नुसता शब्द टिपू नये, क्रियापदासह वाक्य टिपावे, हा आग्रह येथे मुद्दाम धरला आहे. चेक ‘वटतो’, चेक ‘दिला’ जातो, चेक ‘केला’ जातो, चेक ‘बसतो’. कोटी जमणार की फसणार हे पुढे या क्रियापदांवरच ठरणार आहे.

दुसरी पायरी : लेखनावरून ढीग वेगळे करावेत

मराठीत आपण सगळीकडे ‘चेक’ असे एकच लिहितो, त्यामुळे मूळ इंग्रजीतील भेद झाकला जातो. भारतात आणि ब्रिटनमध्ये बँकेचा चेक सी-एच-ई-क्यू-यू-ई असा लिहितात. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमातही हेच लेखन आहे आणि शुद्ध मराठीत ज्याला आपण धनादेश म्हणतो तो हाच. तपासणी, बुद्धिबळातील शह, कापडावरची चौकडी, अडथळा, आवर या सर्व अर्थांसाठी सी-एच-ई-सी-के असे लेखन आहे. अमेरिकेत मात्र बँकेचा चेकही सी-के नेच संपतो, आणि तिथे उपाहारगृहातील बिलालाही ‘चेक’ म्हणतात. तिसरा ढीग म्हणजे चेक प्रजासत्ताकातील ‘चेक’. त्याचे लेखन सी-झेड ने सुरू होते, पण उच्चार तोच राहतो.

भारतीय वाचकासाठी लिहिताना बँकेला क्यू आणि बाकी सगळ्याला सी-के, एवढा नियम पुरतो.

तिसरी पायरी : मुळाकडे जावे

आता कोश उघडण्यास हरकत नाही. शब्दाच्या इतिहासासाठी ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश सर्वांत भरवशाचा आहे, कारण त्यात प्रत्येक अर्थाखाली तो अर्थ प्रथम कोणत्या काळच्या लेखनात आढळतो त्याचे उतारे कालक्रमाने दिलेले असतात. तो कोश घरी असणे अवघड. पण मोठ्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात विचारून पाहावे. शब्दांच्या व्युत्पत्ती देणारे विनाशुल्क इंग्रजी कोश संगणकावर उपलब्ध आहेत आणि प्राथमिक कामासाठी ते पुरेसे आहेत. मराठी बाजू पाहण्यासाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश हाताशी असावा. त्याची १८५७ ची दुसरी आवृत्ती संगणकावर सहज वाचता येते.

‘चेक’चे मूळ असे आहे. फारसीत ‘शाह’ म्हणजे राजा. बुद्धिबळ खेळताना प्रतिस्पर्ध्याच्या राजावर मारा झाला की खेळाडू त्याला सावध करण्यासाठी ‘शाह!’ असे म्हणत असे. हा खेळ भारतातून ‘चतुरंग’ या नावाने इराणात गेला, तिथे ‘चतरंग’ झाला, अरबांकडे ‘शतरंज’ झाला, आणि सुमारे दहाव्या-अकराव्या शतकापर्यंत अरबांच्या मार्गे युरोपात पोहोचला. खेळाबरोबर ती ललकारीही गेली. मध्ययुगीन लॅटिनमध्ये तिचे ‘स्काकस’ झाले, जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’ झाले, आणि इंग्रजीत येताना सुरुवातीचा स्वर गळून ‘चेक’ उरला. जर्मनमधील ‘शाख’, स्पॅनिशमधील ‘खाके’ आणि इटालियनमधील ‘स्काक्को’ ही याच घराण्यातील भावंडे आहेत.

मराठी वाचकाला येथे एक आयती सोय आहे, आणि तिचा उपयोग न करणे हे मला करंटेपणाचे वाटते. त्याच फारसी शब्दाने आपल्याकडे थेट येऊन ‘शह’ हे रूप घेतले. इंग्रज माणसाला ‘चेक’मधला राजा शोधण्यासाठी कोश उघडावा लागतो, आपल्याला हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांतले नागपूरचे कोणतेही वर्तमानपत्र उघडले तरी ‘शह-काटशह’ मथळ्यातच सापडतो. आणखी मागे गेल्यास ‘शाह’ हा शब्द प्राचीन इराणी भाषेतील ‘राज्य करणे’ या अर्थाच्या धातूपर्यंत पोहोचतो, आणि तो धातू संस्कृतातील ‘क्षत्र’ या शब्दाचा नातलग आहे. म्हणजे बँकेतला चेक आणि क्षत्रिय यांचे दूरचे का होईना, पण खरे नाते आहे.

याच टप्प्यावर एका अभिमानाला मात्र थोडी मुरड घालावी लागते. इंग्रजी ‘चेस’ हे बुद्धिबळाचे नाव ‘चतुरंग’वरून आले असावे असे आपल्याकडे सर्रास गृहीत धरले जाते. स्पॅनिशमधील ‘आखेद्रेस’ हे नाव खरोखर त्या वाटेने आले आहे. परंतु इंग्रजी ‘चेस’ हे ‘एशेक’ याच जुन्या फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनातून आलेले आहे. म्हणजे ‘चेस’ या नावाचा मूळ अर्थ ‘शहांचा खेळ’ किंवा ‘राजांचा खेळ’ असा होतो. खेळ आपला, नाव इराणच्या राजाचे.

चौथी पायरी : एका अर्थातून दुसरा कसा निघाला ते ओळीने लिहावे

अभ्यासाचा खरा गाभा हाच आहे. अर्थ पाठ करण्याची गरज नाही. एका अर्थापासून दुसऱ्यापर्यंत जाण्याची वाट सापडली की ते आपोआप लक्षात राहतात. शह बसलेल्या राजाला आपली मनातली चाल सोडून आधी स्वतःला वाचवावे लागते, म्हणजे त्याची हालचाल अडते. म्हणून ‘चेक’ला ‘अडवणे, रोखणे, आवर घालणे’ हा अर्थ आला. सत्तेच्या वेगवेगळ्या अंगांनी परस्परांना आवर घालावा या तत्त्वाला इंग्रजीत ‘चेक्स अँड बॅलन्सेस’ म्हणतात, त्यातील ‘चेक’ तो हाच. चूक किंवा लबाडी रोखायची तर हिशोब दुसऱ्या नोंदीशी ताडून पाहावा लागतो. त्यातून ‘तपासणे’ हा अर्थ निघाला, आणि आज मराठीत सर्वांत जास्त वापरला जाणारा अर्थ तोच आहे. चेकनाका, चेकिंग, चेक-इन, चेकलिस्ट ही सर्व त्याची लेकरे असल्याने त्यांवर वेगळा वेळ घालवण्याचे कारण नाही.

बँकेच्या चेकची कथा जरा सावकाश सांगण्यासारखी आहे. बनावट हुंडी ओळखता यावी म्हणून कागदाचा एक भाग कापून आपल्याकडे ठेवत आणि पैसे देताना दोन्ही भाग जुळतात की नाही ते पाहत. ज्याला आपण स्थळप्रत म्हणतो त्या भागाला अठराव्या शतकाच्या आरंभी ‘चेक’ म्हणत, कारण तो फसवणुकीला आळा घालणारा होता. पुढे स्थळप्रतीचे नाव मुख्य कागदालाच चिकटले. मग त्याच्या लेखनात ‘क्यू’ कुठून आला, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर इंग्लंडच्या सरकारी खजिन्यात आहे.

बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा वसूल मोजण्याची रीत अशी होती की निरनिराळ्या परगण्यांचे अधिकारी वर्षातून दोनदा, ईस्टरला आणि मायकेलमसला (सप्टेंबरअखेरच्या ख्रिस्ती सणाला), हिशोब द्यायला येत. सुमारे दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद अशा मेजावर रेघांच्या चौकटी असलेले काळे कापड अंथरलेले असे, आणि त्या चौकटींत मोजणीच्या टिकल्या मांडून पौंड, शिलिंग व पेनी यांचा हिशोब सर्वांसमक्ष होई. खजिन्याचा अधिकारी रिचर्ड फिट्झनील याने बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात या कार्यपद्धतीवर लॅटिनमध्ये ग्रंथच लिहून ठेवला असल्यामुळे हे तपशील आपल्याला ठाऊक आहेत. रोमन अंकांत बेरीज-वजाबाकी करणे जिकिरीचे होते, शिवाय हिशोब देणाऱ्या पुष्कळांना वाचता येत नसे. टिकल्या मात्र सर्वांना दिसत. ते मेज बुद्धिबळाच्या पटासारखे दिसे, म्हणून पटाचे फ्रेंच नाव त्या खात्यालाच मिळाले आणि ते ‘एक्सचेकर’ झाले. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला आजही ‘चॅन्सेलर ऑफ द एक्सचेकर’ म्हणतात. या शब्दाच्या प्रभावामुळे ब्रिटिशांनी बँकेच्या ‘चेक’लाही क्यू जोडला, असे कोशकार मानतात. कापडावरील चौकडीला ‘चेक्स’ म्हणतात तेही पटावरून, आणि चढउतारांनी भरलेल्या आयुष्याला इंग्रजीत ‘चेकर्ड’ म्हणतात तेही त्यावरूनच.

पाचवी पायरी : गोड वाटणाऱ्या व्युत्पत्तीवर संशय घ्यावा

इथवर आलेल्या नवशिक्याला सगळीकडे नाती दिसू लागतात. नागपुरात तर पावलोपावली चौक आहेत; पटावर चौकटी आहेत; तेव्हा ‘चौक’ आणि ‘चेक’ एकच असावेत असा सिद्धांत चहाच्या टपरीवर हमखास मांडला जातो. तो निराधार आहे. ‘चौक’ संस्कृतातील ‘चतुष्क’पासून आला आहे, आणि ‘चेक’च्या प्रवासात प्रत्येक मुक्कामाचा लेखी पुरावा असून त्यात ‘चौक’ कुठेच भेटत नाही. ध्वनी जुळणे हा पुरावा नसतो. मधले मुक्काम दाखवता आले पाहिजेत, ही कसोटी प्रत्येक वेळी लावावी. चेक प्रजासत्ताकाच्या नावालाही तीच लागू आहे. ते स्लाव्ह भाषेतील लोकनाम आहे आणि त्याचा शहाशी काहीही संबंध नाही.

‘चेकमेट’बद्दल अधिक सावधगिरी हवी. ‘शाह मात’ म्हणजे ‘राजा मेला’ असे बहुतेक ठिकाणी वाचायला मिळते, कारण अरबीत ‘मात’ म्हणजे ‘मेला’. परंतु फारसीत ‘मात’चा अर्थ ‘निरुपाय झालेला, हतबल’ असा आहे, आणि पुष्कळ अभ्यासकांच्या मते मूळ अर्थ तोच होय. मला हे मत अधिक पटते, कारण या खेळात राजा कधी मारला जात नाही. त्याला जायला जागा उरत नाही इतकेच. मराठीतही आपण संकटावर ‘मात करतो’, त्याला ठार मारत नाही.

सहावी पायरी : आता कोटी

शाळेत शिकलेला श्लेष येथे आठवावा. ‘हे मेघा, तू सर्वांना जीवन देतोस’ या वाक्यात ‘जीवन’ म्हणजे पाणी आणि आयुष्य असे दोन्ही अर्थ एकाच जागी बसतात, शब्द तोडावा लागत नाही. हा अभंग श्लेष. शब्द तोडल्यावर दुसरा अर्थ निघतो तो सभंग श्लेष. ‘चेक’वर दोन्ही प्रकार करता येतात.

अभंग प्रकारात क्रियापदाची निवड निर्णायक ठरते, आणि पहिल्या पायरीवरची वही येथे कामाला येते. ‘वटला’ म्हटले की फक्त बँक दिसते, ‘केला’ म्हटले की फक्त तपासणी. ‘दिला’ आणि ‘मिळाला’ मात्र पट आणि बँक दोघांनाही चालतात. कोटीसाठी अशी दुहेरी क्रियापदे हुडकावीत. उदाहरणार्थ : ‘दोन महिने भाडे थकले होते, शेवटी भाडेकरूने चेक दिला, आणि हलण्याची पाळी घरमालकावर आली.’ येथे चेक न वटल्यामुळे घरमालकाला होणारी धावपळही आहे आणि शह बसलेल्या राजाची चालही. याच जातीची, पण संवादातून येणारी कोटी अशी : मुलगा पटावरून ‘बाबा, चेक!’ म्हणतो, आणि वर्तमानपत्रातून डोके न काढता वडील विचारतात, ‘रक्कम किती घालू?’ दुसरे उदाहरण बँकेतले आहे. ‘क्रॉस चेक केला का?’ या प्रश्नाचा अर्थ, डाव्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा मारून धनादेश रेखांकित केला का, असाही होतो आणि पुन्हा ताडून पाहिले का, असाही होतो. ही संदिग्धता इतकी खरी आहे की कारकुनांचाही गोंधळ होऊ शकतो, आणि म्हणूनच ती रचलेल्या विनोदापेक्षा सरस आहे.

सभंग प्रकारासाठी ‘चेकमेट’ तयारच आहे. ‘मेट’ म्हणजे सोबती, जोडीदार. इंग्रजीत यावरची ‘चेक, मेट’ ही उपाहारगृहातील कोटी घासून गुळगुळीत झालेली आहे, ती पुन्हा करू नये. आपल्याकडे मात्र स्थळाची चौकशी ही जिवंत प्रथा आहे. मुलाची नोकरी, घर आणि कर्ज यांची माहिती काढून आणणाऱ्या मामांच्या कामगिरीला ‘चेक-मेट’ म्हटले, तर नागपुरातल्या कोणत्याही लग्नघरात ती कोटी समजेल.

समजेल की नाही, हा प्रश्न दरवेळी विचारावाच. दोन्ही अर्थ ऐकणाऱ्याच्या वापरात नसतील तर कोटी उभीच राहत नाही. अमेरिकेत बेसबॉलचा सामना पावसाने बंद पडला की प्रेक्षकाला दुसऱ्या दिवशी यायची मुभा देणारी चिठ्ठी मिळे, तिला ‘रेन चेक’ म्हणत; त्यावरून आमंत्रण सभ्यपणे पुढे ढकलण्याला हा शब्दप्रयोग आला. त्यावर इंग्रजीत कितीही सुंदर कोटी केली तरी सीताबर्डीवर ती फुकट जाईल. उलट, अमेरिकेहून आलेल्या पाहुण्याने सावजी जेवणानंतर ‘चेक द्या’ म्हणावे आणि पोऱ्याने ‘चेक चालत नाही साहेब, स्कॅन करा’ असे उत्तर द्यावे, यात श्रोत्याला अमेरिकन अर्थ आधी ठाऊक नसला तरी प्रसंगच तो सांगून जातो. अनोळखी अर्थ वापरायचाच असेल तर तो असा प्रसंगातून उलगडावा. कोटी करून मग समजावत बसू नये.

‘चेक माणसाने चेकचा चेक चेक केला’ अशी वाक्ये नवशिक्यांना फार आवडतात. ती जिभेची कसरत आहेत, कोटी नव्हेत, कारण तिथे प्रत्येक ‘चेक’ला एकच अर्थ आहे. कोटीत शब्द एकदाच यावा आणि शक्यतो वाक्याच्या शेवटाकडे यावा. मराठीला स्वतःची एक कोटी आयतीच मिळालेली आहे : ‘चेक’वर कोटी कुणालाही करता येते, चेकवर कोटी लिहायला मात्र खात्यात शिल्लक लागते.

सरावासाठी पुढचा शब्द

हीच पद्धत आता ‘पॉन’ या शब्दावर वापरून पाहावी. बुद्धिबळातील प्यादे या अर्थाचा ‘पॉन’ लॅटिनमधील पायदळ शिपायाच्या नावावरून आला आहे, आणि आपले ‘प्यादे’ही फारसीतून, पायाशी संबंधित शब्दावरूनच आलेले आहे. गहाण या अर्थाचा ‘पॉन’ मात्र वेगळ्याच जुन्या फ्रेंच शब्दापासून आला. दोघांचे लेखन एक, उच्चार एक, कुळे भिन्न. ‘चेक’च्या बाबतीत नेमके उलट होते, दोन लेखने असूनही घराणे एकच होते. इतवारीच्या सराफ बाजारात आणि बुद्धिबळाच्या शिबिरात ऐकलेली वाक्ये आधी वहीत उतरवावीत, त्यांतील क्रियापदांखाली रेघ मारावी, आणि कोश त्यानंतर उघडावा.